दम धरायचा, तर दम घ्यायला वेळ हवा

मार्च २०२४ मध्ये दहावीच्या भूमितीच्या पेपरला मी एका केंद्रावर पर्यवेक्षक होते. मी मराठी शिकवते. ज्या विषयाचा पेपर असेल त्या विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी पर्यवेक्षणाचे काम देत नाहीत, त्यामुळे गणिताच्या दोन्ही पेपरांना आम्हा भाषा शिकवणाऱ्यांची नेमणूक बहुधा ठरलेलीच असते. अकराचा टोल झाला, प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, मुलांच्या माना खाली गेल्या, आणि खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी मात्र प्रश्नपत्रिकेकडे नुसती बघत बसली आहे असे माझ्या लक्षात आले. तिचे डोळे ओळींवरून फिरत नव्हते. उजव्या हाताचे नख उत्तरपत्रिकेवरच्या बारकोडच्या कडेवर पुन्हा पुन्हा घासत होते आणि कागदावर जिथे तळहात टेकला होता तिथे घामाचा ओला ठसा उमटला होता. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटले, “बाळ, घाबरू नकोस. मोठा श्वास घे बरं.”

तिने माझे ऐकले. खांदे कानापर्यंत वर नेऊन तिने मोठा श्वास ओढला, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि अर्ध्या मिनिटात तिचे ओठ पांढरे पडले. “बाई, बोटांना मुंग्या येतायत,” एवढेच ती बोलली. पाण्याची बाटली घेऊन दालनात आलेल्या शाळेच्या सेवकमामांनी हे पाहिले आणि ते तिच्या बाकाशी वाकले. “पोरी, आधी दम सोड. जुना सोडल्याबिगर नवा घेशील कुठं?” असे म्हणून, बशीतला चहा निववताना घालतात तशी एक लांब, सावकाश फुंकर त्यांनी स्वतः घालून दाखवली. ती त्यांच्याबरोबर फुंकर घालू लागली. पाच-सहा फुंकरींनंतर तिचे खांदे खाली आले, तिने घोटभर पाणी प्यायले, कंपासपेटी उघडली आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला. मामा तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळत असत, हे मला पुढे कळले.

त्या दिवसापर्यंत कित्येक वर्षे मी घाबरलेल्या मुलांना “मोठा श्वास घे” असेच सांगत आले होते, आणि ते चुकीचे होते, हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे, कारण माझ्यासारखे हजारो शिक्षक, पालक आणि वरिष्ठ आजही तेच सांगत असतात. घाबरलेल्या माणसाचा श्वास आधीच उथळ आणि भरभर चाललेला असतो. त्याला हवा कमी पडत नसते, उलट गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर होत असते. अशा वेळी तो आणखी जोराने श्वास ओढू लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, त्यामुळे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि ही लक्षणे जाणवली की माणूस आपल्याला काहीतरी होते आहे या भीतीने आणखी घाबरतो. उपाय दुसऱ्या टोकाला आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंदावतात. विशेषतः तरुण वयात मनगटावर बोटे ठेवली तर हा फरक कोणालाही स्वतः अनुभवता येतो. मेंदूपासून हृदयाकडे आणि पुढे पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला लगाम घालतो, आणि म्हणून उच्छ्वास लांबवला की तो लगाम अधिक वेळ धरला जातो. मामांना हे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण मैदानावर त्यांनी ते हजार वेळा वापरले होते.

शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कारभारात श्वासाला एक वेगळे स्थान आहे. घाम येऊ नये, छाती धडधडू नये, तोंडाला कोरड पडू नये, असा हुकूम आपण शरीराला देऊ शकत नाही. दिला तरी ते ऐकत नाही. श्वास मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांतून झोपेतही आपोआप चालत राहतो आणि तरीही मनात आणले तर त्याच क्षणी आपण तो लांबवू, थांबवू किंवा सोडू शकतो. घरात शिरण्याचे इतर सर्व दरवाजे बंद असताना उघडे राहिलेले हे एकच दार आहे. उंदरांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की श्वासाची लय ठरवणाऱ्या केंद्रातील काही पेशी मेंदूतील सावधपणा जागता ठेवणाऱ्या भागाला सतत निरोप देत असतात, आणि त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर विलक्षण शांत झाले. माणसाच्या बाबतीत इतका थेट पुरावा मिळवणे अवघड आहे, परंतु श्वास भरभर चालला की मनही धावते, आणि तो संथ झाला की मन सावरते, या आपल्याकडच्या जुन्या अनुभवाला त्यामुळे एक शारीरिक आधार मिळाला, एवढे नक्की म्हणता येते.

मराठीत या अनुभवासाठी जो शब्द आहे तो मला फार मोलाचा वाटतो. फारसीतून आलेला ‘दम’ म्हणजे श्वास आणि संस्कृतातला, शम-दमातला, ‘दम’ म्हणजे स्वतःवरचा ताबा. हे दोन्ही शब्द मराठीत येऊन असे काही एकमेकांत मिसळले आहेत, की “जरा दम धर” असे आपण म्हणतो तेव्हा त्यात श्वास किती आणि संयम किती, हे वेगळे काढता येत नाही. दमाने घेणे, दम खाणे, दम सुटणे, एका दमात म्हणणे, दमदार, बेदम, गवयाचा दमसास, आणि शेवटी थकून दमणे, या सगळ्यांत माणसाची ताकद त्याच्या श्वासाशी बांधलेली आहे. कबड्डीत तर हे नियमातच आहे: चढाई करणाऱ्याने एकाच दमात शब्द म्हणत राहायचे, दम तुटला की चढाई संपली. तीस सेकंदांत चारही बाजूंनी अंगावर येणाऱ्या माणसांमधून वाट काढायची आणि त्याच वेळी श्वास हळूहळू, मोजून सोडत राहायचा, हा ताणाखाली काम करण्याचा धडा आपल्या मातीतल्या मुलांनी पिढ्यान्पिढ्या गिरवला आहे. जात्यावर बसलेल्या बायका ओवी म्हणत, तेव्हा जात्याचा फेरा, ओवीची ओळ आणि श्वास यांची गाठ अशीच पडलेली असे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की दम धरणे हे पोहण्यासारखे किंवा सायकल चालवण्यासारखे शिकण्याचे कौशल्य आहे. ते प्रत्येक मुलाला शाळेत साध्या शब्दांत, साध्या रीतीने शिकवले गेले पाहिजे. त्याच वेळी, परीक्षा घेणाऱ्या आणि काम करवून घेणाऱ्या संस्थांनी ते वापरण्याइतकी उसंत दिली पाहिजे. ती न देता नुसते शिकवणे म्हणजे पोहायला शिकवून पाणीच न देणे होय.

हे कौशल्य नेमके कशासाठी, याविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहे. ताण पूर्ण नाहीसा करणे हा त्याचा हेतू नसावा. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून ही गोष्ट मांडली जात आहे, की काम अवघड असेल तेव्हा फार कमी उत्तेजना जशी निरुपयोगी, तशीच फार जास्त उत्तेजनाही घातक. परीक्षेला बसलेल्या मुलाची छाती थोडी धडधडणे चांगलेच आहे. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. हार्वर्डमधील एका अभ्यासात, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, भाषणापूर्वी किंवा गणिताच्या चाचणीपूर्वी “मी शांत आहे” असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा “मला उत्साह वाटतो आहे” असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. बिघडते ते तेव्हा, जेव्हा धडधड इतकी वाढते की डोक्यातली हातची जागा काळजीच व्यापून टाकते. भूमितीचे प्रमेय आठवायला, आकृती मनात फिरवायला आणि दोन पायऱ्या एकाच वेळी ध्यानात ठेवायला मेंदूत जी मर्यादित जागा लागते, तीच जागा “मी नापास झाले तर” हा विचार खाऊन बसतो. म्हणून मला शांत होणे या शब्दापेक्षा सावरणे हा शब्द अधिक योग्य वाटतो. पाय घसरला तरी माणूस पडत नाही, तोल सावरतो आणि पुढे चालू लागतो. कामापुरते तसे सावरता आले तरी पुष्कळ झाले.

पुरावा काय आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण या क्षेत्रात अतिशयोक्ती फार चालते. विश्रांतीत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आणला, की हृदयाची लय आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा एका ठेक्यात येते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात इटालियन संशोधकांना असे आढळले, की लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणणाऱ्यांचा आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. दोन वेगळ्या धर्मांतल्या, एकमेकांपासून हजारो मैलांवर वाढलेल्या दोन सवयी एकाच आकड्याशी येऊन थांबल्या. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे शंभर जणांना महिनाभर रोज पाच मिनिटे वेगवेगळे सराव दिले, तेव्हा उच्छ्वास लांबवण्याच्या सरावाने मनःस्थितीत झालेली सुधारणा ध्यानापेक्षा काहीशी अधिक होती. हे परिणाम खरे आहेत, पण ते मध्यम आकाराचे आहेत. श्वासाने मधुमेह बरा होतो, बुद्ध्यांक वाढतो, औषधे बंद करता येतात, असे जे व्यासपीठांवरून सांगितले जाते, त्याचा आणि या पुराव्याचा काहीही संबंध नाही.

याबाबतीत आपल्या महाराष्ट्राचा एक वारसा आहे आणि तो आपण पुरेसा वापरत नाही, याचे मला वाईट वाटते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम या योगसंशोधन संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रिया चालू असताना माणसाच्या शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, रक्तदाब मोजून पाहिले, आणि जे आढळले ते छापले. शंभर वर्षांपूर्वी, साधनांची इतकी वानवा असताना, श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचे धैर्य या माणसाने दाखवले. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतही ही सावधगिरी आहे: सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करायचे असतात तसाच श्वासही हळूहळू वश करावा, घाई केली तर तो साधकालाच मारतो, असा इशारा हठयोगप्रदीपिकेत आहे. आज मात्र शाळांमध्ये हा विषय बहुधा २१ जूनला, आंतरराष्ट्रीय योग दिवसाच्या निमित्ताने, पटांगणात सतरंज्या अंथरून आणि छायाचित्रे काढून उरकला जातो. वर्षातून एकदा केलेली गोष्ट कौशल्य होत नाही. शिवाय त्या दिवशी मुलांकडून जलद श्वासाच्या क्रियाही करून घेतल्या जातात, ज्या घाबरलेल्या क्षणी करायच्या गोष्टीच्या अगदी उलट आहेत.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो मला टाळायचा नाही. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर, ऐंशीहून अधिक शाळांमध्ये, सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासाकडे आणि चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या) प्रशिक्षणाचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण दिले गेले होते, पाठ नीट आखलेले होते, आणि तरीही नेहमीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांच्या मनःस्वास्थ्यात काहीही सुधारणा दिसली नाही. बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नाही. शाळेत श्वास शिकवा, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल समोर ठेवूनच बोलले पाहिजे. मी त्यातून घेतलेला धडा असा, की या गोष्टीचा वेगळा तास, वेगळी वही आणि वेगळे मूल्यमापन झाले की ती मुलांसाठी आणखी एक ओझे होते. गरज पडते त्या जागी, गरज पडते त्या वेळी ती शिकवली तरच अंगवळणी पडते. शंभर मीटर धावून आलेल्या मुलाला “आता फुंकर घालत चाल, बघ किती वेळात धाप थांबते” असे खेळाच्या तासाला सांगितले, वक्तृत्व स्पर्धेसाठी रंगमंचाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीला तिथेच दोन लांब उच्छ्वास सोडायला लावले, चाचणीचे पेपर वाटल्यावर वर्गाने मिळून मिनिटभर पेन खाली ठेवले, तर श्वास आणि प्रसंग यांची गाठ मुलाच्या शरीरात बसते. गेली दोन वर्षे मी घटक चाचणीला हे करते आहे. सक्ती करत नाही. ज्याला नको असेल त्याने नुसते खिडकीबाहेर बघावे. दम्याचा त्रास असलेली मुले असतात, श्वासाकडे लक्ष दिले की अधिकच घाबरणारीही काही असतात, त्यांना मी पायांचे तळवे जमिनीवर टेकवून बाकाची कड घट्ट धरायला सांगते. ज्या मुलाला वारंवार असे झटके येतात, झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्याला श्वासाचे धडे देत बसू नये. त्याच्या आईवडिलांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो मला माझ्या धाकट्या बहिणीकडून ऐकायला मिळाला. ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. एका रात्री तिच्याकडे वॉर्डातले इतके रुग्ण होते, की सलाइन बदलायला, इंजेक्शने द्यायला आणि नोंदी करायला बारा तास पुरले नाहीत. सकाळच्या पाळीला हँडओव्हर देताना तिचे हात थरथरत होते. पुढच्याच आठवड्यात रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली, आणि ती ठेवली तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. “ताई, मला श्वास घ्यायला शिकवायला निघालेत,” ती फोनवर म्हणाली, “आणि घ्यायला वेळ मात्र कोणी देत नाही.” तिच्या आवाजातली चीड मला अजून आठवते आणि ती पूर्णपणे रास्त होती. माणसे कमी, काम जास्त, आणि त्याचा जाच सोसणाऱ्यालाच “तू स्वतःला सांभाळायला शिक” असे सांगणे, यात व्यवस्थेचा दोष अलगद व्यक्तीच्या पदरात टाकला जातो. जिथे तीन माणसांची गरज आहे तिथे एकीलाच उभे करायचे आणि ती कोसळू नये म्हणून तिला प्राणायाम शिकवायचा, हे अन्यायाचे आहे, मग शिकवणारा कितीही सद्हेतूने शिकवत असो.

मात्र या आक्षेपातून काही जण जो निष्कर्ष काढतात, की अशी कौशल्ये शिकवणेच चूक, तो मला मान्य नाही. माझ्या बहिणीच्या वॉर्डात उद्या दुप्पट माणसे आली, तरी रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडेल तेव्हा तिचे हात थरथरणारच आहेत, आणि त्या क्षणी तिला सावरता आले पाहिजे. एसटीच्या वाहकाला सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाशी वाद घालताना, तलाठी कार्यालयातल्या खिडकीत बसलेल्या माणसाला पन्नासावा वैतागलेला चेहरा पाहताना, फोनवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या मुलीला शिव्या ऐकून पुढचा फोन उचलताना, हे कौशल्य हवेच आहे. दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत, कारण त्या मुळात एकच आहेत. मिनिटाला सहा श्वास म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. सावरायला असे सहा-बारा श्वास लागतात, म्हणजे एक ते दोन मिनिटे. ज्या कामात दोन मिनिटेही माणसाच्या ताब्यात नसतात, तिथे श्वासाचे ज्ञान असून नसल्यासारखे आहे. दमाचे कौशल्य व्यक्तीचे, पण दम घेण्याचा वेळ संस्थेच्या हातात असतो.

आणि हा वेळ मागून, भांडूनच मिळवावा लागतो, हेही आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवारच्या सुट्टीसाठी १८९० साल उजाडावे लागले. पुढे स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे, अशी तरतूद झाली. साच्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराला दम खायला अर्धा तास हवा, ही गोष्ट तेव्हा मालकांना ऐषआराम वाटत होती. आज ती आपल्याला माणुसकीची किमान पातळी वाटते. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीही असेच घडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी तयार केली; त्यात पहिला छेद देण्यापूर्वी सगळ्यांनी क्षणभर थांबायचे, रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, शरीराची बाजू कोणती, हे मोठ्याने बोलून ताडून पाहायचे, असा नियम आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. सगळे श्रेय त्या थांबण्याला देता येणार नाही, यादीत इतरही बऱ्याच गोष्टी आहेत. पण घाईच्या कामात थांबणे हे एकेका सर्जनच्या स्वभावावर न सोडता नियमात लिहून ठेवले, तर कोणालाही त्याची लाज वाटत नाही, हे त्यातून दिसते.

मला माझ्या क्षेत्रापुरती एक ठोस मागणी करायची आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी, म्हणजे अकराच्या पेपरला दहा वाजून पन्नास मिनिटांनी, वाचण्यासाठी दिली जात असे. पेपर फुटल्याच्या अफवा आणि समाजमाध्यमांवर प्रश्नपत्रिका फिरण्याचे प्रकार रोखण्यासाठी मंडळाने २०२३ पासून ही पद्धत बंद केली, आणि विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून तेवढीच दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली. बेरजेत काहीच फरक पडला नाही. शरीराच्या हिशेबात मात्र पडला. भीतीचा कडेलोट होतो तो प्रश्नपत्रिका हातात पडते त्या क्षणी. साडेदहाला दालनात येऊन बैठक क्रमांक लिहीत बसलेल्या अर्ध्या तासात धाकधूक असते, पण समोर प्रश्न नसतात. पूर्वीच्या दहा मिनिटांत सगळ्यांचीच पेने बंद असत, त्यामुळे घाबरलेल्या मुलाला सावरायला आणि वाचायला परवानगी असलेला वेळ मिळे. आता कागद हातात येताच शेजारच्या बाकावरचे पेन सुरू झाल्याचा आवाज येतो, आणि ज्या मुलाला दोन मिनिटे हवी असतात त्याला ती चोरल्यासारखी वाटतात. कोणी म्हणेल, एकूण वेळ तेवढाच असल्याने ज्याला हवी त्याने पहिली काही मिनिटे वाचनाला द्यावीत. पंधरा वर्षांच्या मुलाकडून, छाती धडधडत असताना, सगळे लिहीत असताना एकट्याने थांबण्याची अपेक्षा करणे अवाजवी आहे. एवढा ताबा असता तर त्याला त्या मिनिटांची गरजच पडली नसती. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले होते, की परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या काळज्या कागदावर उतरवून काढणाऱ्या, एरवी परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारली. पेपर सुरू होण्याच्या तोंडाशी दिलेली मिनिटे किती कामाची असतात, हे त्यातून कळते.

माझी सूचना अशी, की प्रश्नपत्रिका अकरालाच द्याव्यात, दालनाची दारे बंद झाल्यावरच द्याव्यात, म्हणजे पेपर बाहेर जाण्याचा धोका आज आहे त्याहून तसूभरही वाढणार नाही. पण वाढवून दिलेल्या दहा मिनिटांपैकी पाच मिनिटे सुरुवातीला, सर्वांसाठी, केवळ वाचनाची ठेवावीत, आणि उरलेली पाच, ज्यांचा हात सावकाश चालतो त्यांच्यासाठी, शेवटी राहू द्यावीत. पेपर सुटण्याची वेळ बदलत नाही. मंडळाला यासाठी नवा निधी लागणार नाही, नवी पदे लागणार नाहीत. वेळापत्रकातली एक ओळ बदलावी लागेल आणि पर्यवेक्षकांच्या सूचनापत्रात, अकराच्या टोलानंतर मोठ्याने सांगण्यासाठी, “पेने खाली” हे दोन शब्द वाढवावे लागतील.